एक, दोन, चार, आठ, सोळा

लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात डॉर्किंग नावाचं एक छोटं शहर आहे. १९९९ मध्ये तिथल्या मार्क व्हाइट नावाच्या तरुणाने चार मित्र जमवून डॉर्किंग वाँडरर्स नावाचा फुटबॉल संघ काढला. हौसेने खेळायचं, एवढाच तेव्हाचा बेत. नाव नोंदवलं ते क्रॉली आणि आसपासच्या भागापुरत्या एका स्थानिक लीगमध्ये. २०२२ मध्ये हाच संघ इंग्लंडच्या पाचव्या पातळीवरच्या नॅशनल लीगमध्ये दाखल झाला. २३ हंगामांत १२ बढत्या! आणि संघाच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून उभे होते तेच मार्क व्हाइट.

या प्रवासात कुणी लीगमधली जागा विकत घेतली नव्हती, कुणाच्या शिफारशीची चिठ्ठी लागली नव्हती. संघ सामने जिंकत गेला, मैदान सुधारत गेला आणि दर वेळी वरची जागा नियमानेच मोकळी होत गेली. इंग्लंडच्या फुटबॉलमधली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट कुठला गोल किंवा कुठला खेळाडू नाही, ही रचना आहे. लिव्हरपूल, आर्सेनल यांच्यापासून ते गावाच्या टोकाला लाकडी कुंपण घातलेल्या मैदानावर खेळणाऱ्या संघापर्यंत सगळे एकाच अखंड साखळीत ओवलेले आहेत. खालून वर जाता येतं, वरून खाली यावंच लागतं. या रचनेला तिकडे पिरॅमिड म्हणतात. तो आज दिसतो तितका नैसर्गिक कधीच नव्हता. तो उभारायला शंभराहून जास्त वर्षं लागली आणि त्याचे खालचे मजले तर अगदी अलीकडे, २०१८ आणि २०२१ मध्ये, नव्याने रचले गेले.

आधी आजचा पिरॅमिड वरून खाली पाहू. शिखरावर प्रीमियर लीग, २० क्लब. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४ क्लब. हे झाले ९२. इंग्लंडमध्ये ‘ब्याण्णव’ म्हटलं की फुटबॉलप्रेमींना वेगळं सांगावं लागत नाही. या सगळ्या ९२ मैदानांवर सामना पाहायचा नेम धरलेले लोक तिथे आहेत. त्याखाली पाचवी पातळी म्हणजे नॅशनल लीग, तिच्यातही २४ क्लब. इथपर्यंत प्रत्येक पातळीवर एकच विभाग आणि तो देशभराचा.

सहाव्या पातळीवर मात्र देशाचे दोन भाग होतात : नॅशनल लीग उत्तर आणि नॅशनल लीग दक्षिण. सातव्या पातळीवर चार विभाग. आठव्या पातळीवर आठ. नवव्या पातळीवर सोळा. त्याच्याही खाली आणखी विभाग, मग परगण्यांच्या लीग, मग जिल्ह्या-तालुक्याच्या आकाराच्या लीग. एक, दोन, चार, आठ, सोळा. शाळकरी मुलानेही पाढा ओळखावा इतका सरळ हिशेब.

कृष्णेच्या खोऱ्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा : गावोगावचे ओढे कोयनेला, वेण्णेला, पंचगंगेला मिळतात आणि त्या नद्या कृष्णेला. हा पिरॅमिड तसाच आहे, फक्त इथला प्रवाह चढावर वाहतो. प्रत्येक क्लबला आपला ओढा कुठल्या नदीला मिळतो, ती पुढे कुठे जाते हे ठाऊक असतं.

खाली जाताना विभाग दुप्पट का होतात? उत्तर आहे मंगळवारची संध्याकाळ.

आठव्या पातळीवरचा खेळाडू दिवसा नळजोडणी करतो, शाळेत शिकवतो किंवा गोदामात काम करतो. क्लबकडून त्याला थोडेफार पैसे मिळतात, पण त्यावर घर चालत नाही. शनिवारचा सामना जमून जातो. पण हंगाम लांबलचक, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्रीही सामने खेळावे लागतात. काम आटोपून निघायचं, पावणेआठच्या सामन्याला वेळेत पोचायचं, नव्वद मिनिटं खेळायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर. प्रवास तासाभराचा असेल तर हे जमतं, चार तासांचा झाला तर खेळाडू संघ सोडतो. क्लबचंही तसंच. बसचं भाडं हा इथे किरकोळ खर्च नसतो. म्हणून खालच्या पातळ्यांवर विभागाची हद्द प्रवासाच्या अंतराने आखली जाते. जसजसं वर जावं तसतसा पैसा वाढतो, खेळाडू पूर्णवेळ होतात आणि नकाशा रुंदावतो.

या पातळीवरचा सामना जवळून पाहण्यासारखा असतो. तिकिटाच्या खिडकीत क्लबचा एखादा जुना स्वयंसेवक. चहाच्या खिडकीपाशी रांग, हातात गरम ‘पाय’ (सारण भरलेला भाजलेला पदार्थ). प्रेक्षकांना वेगळं ठेवणाऱ्या जाळ्या बहुतेक ठिकाणी नाहीत. यजमानांचे आणि पाहुण्यांचे समर्थक आपापल्या संघाच्या हल्ल्याच्या बाजूच्या गोलपोस्टमागे उभे राहतात. मध्यंतराला संघ बाजू बदलतात, तेव्हा प्रेक्षकही बाजू बदलतात. झेंडे, ढोल, मुलंबाळं घेऊन दोन्ही गट मैदानाच्या कडेने चालत एकमेकांना ओलांडतात, थट्टामस्करी होते आणि उत्तरार्धात जो तो आपल्या नव्या जागी उभा. ज्या देशात वरच्या पातळीवर पाहुण्या समर्थकांना पोलिसांच्या पहाऱ्यात आणावं लागतं, त्याच देशातलं हे दृश्य आहे.

आता या रचनेतलं खरं कोडं. नॅशनल लीगमधून दर वर्षी तळाचे चार क्लब खाली येतात. उत्तर आणि दक्षिण विभागांतून प्रत्येकी दोन वर जातात : एक विजेता आणि एक प्लेऑफ जिंकणारा. चार खाली, चार वर. हिशेब जुळला. पण समजा खाली आलेले चारही क्लब दक्षिणेतलेच निघाले तर? दक्षिण विभागातून दोन गेले आणि चार आले. २४ चे २६ झाले. उत्तरेतून दोन गेले, आलं कुणीच नाही. तिथे उरले २२. वर्षभर सगळे नियमाने खेळले, कुणाचंही चुकलं नाही, तरी मांडणी कोसळली.

यावरचा उपाय ऐकून मी पहिल्यांदा थबकलोच होतो. संयोजक क्लबना हात लावत नाहीत, देशाचा नकाशा हलवतात. उत्तर आणि दक्षिण यांच्यामधली रेघ दर उन्हाळ्यात नव्याने ओढली जाते. दक्षिण विभागातले सर्वांत उत्तरेकडचे दोन क्लब उत्तर विभागात गेले की पुन्हा २४-२४. खालच्या पातळ्यांवरही दर वर्षी इंग्लिश फुटबॉल संघटनेची समिती अशीच फेरवाटणी करते आणि एका विभागातली रेघ हलली की शेजारच्या विभागाची रेघही सरकते.

यातून गमतीदार परिस्थिती निर्माण होते. बिशप्स स्टॉर्टफर्ड हे लंडनपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवरचं गाव. तिथला संघ २०२३ मध्ये लंडन परिसराच्या इस्थमियन लीगचा विजेता ठरला आणि बढती मिळून गेला थेट नॅशनल लीग उत्तरमध्ये! ग्लॉस्टर सिटी हा क्लब काही हंगाम उत्तरेत खेळला, काही दक्षिणेत, आणि पुन्हा उत्तरेत. शहर जागचं हललं नाही, दिशा हलली. हे आजचंच नाही. १९२० च्या दशकात तिसऱ्या श्रेणीचे उत्तर आणि दक्षिण असे दोन विभाग झाले, तेव्हा मध्य इंग्लंडमधला वॉल्सॉल क्लब उत्तरेतून दक्षिणेत, दक्षिणेतून पुन्हा उत्तरेत आणि १९३६ मध्ये परत दक्षिणेत गेला. मधल्या प्रदेशात राहणाऱ्यांनी ही किंमत शंभर वर्षं मोजली आहे.

पाढा चुकला तर काय होतं हे पाहायला जर्मनीकडे वळावं. तिथे चौथ्या पातळीवर २०१२ पासून पाच प्रादेशिक लीग आहेत आणि वरच्या तिसऱ्या लीगमध्ये जागा आहेत चार. पाच विजेते, चार खुर्च्या. त्यामुळे दर वर्षी एका विभागाचा विजेता वर्षभर अव्वल राहूनही प्लेऑफमध्ये हरतो आणि आहे तिथेच राहतो. विजेत्याला वर जाता आलंच पाहिजे, ही तिथल्या क्लबची आणि समर्थकांची कितीतरी वर्षांची मागणी. इंग्लंडमध्ये दोनच्या पटीत विभाग ठेवण्यामागे सौंदर्यदृष्टी नाही, न्यायाचा प्रश्न आहे. सगळ्या विभागांच्या विजेत्यांना सारखीच वाट मिळावी, यासाठी तो आटापिटा.

इंग्लंडलाही हा पाढा पहिल्यापासून येत नव्हता. १८८८ मध्ये अॅस्टन व्हिलाचे विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा तिच्यात बारा क्लब होते. सहा लँकशायर भागातले, सहा मध्य इंग्लंडमधले. लंडनचा एकही नाही. १८९२ मध्ये दुसरी श्रेणी आली. वरचे तळाचे आणि खालचे आघाडीचे संघ एकमेकांशी ‘टेस्ट मॅच’ खेळायचे आणि त्यावर कोण कुठे हे ठरायचं. १८९८ मध्ये शेवटच्या लढतीत स्टोक आणि बर्नली आमनेसामने आले. सामना बरोबरीत सुटला तर दोघांचंही भागत होतं. निकाल ०-० लागला. दोन्ही संघांनी गोल करायचा प्रयत्नच केला नाही हे मैदानात सगळ्यांना दिसलं. त्या लाजिरवाण्या दुपारनंतर टेस्ट मॅच बंद झाल्या आणि वरच्या दोन श्रेणींमध्ये गुणतक्त्यावरून आपोआप चढउतार सुरू झाली.

१९२० मध्ये तिसरी श्रेणी आली, १९२१ मध्ये तिचे उत्तर-दक्षिण विभाग झाले. प्रत्येक विभागातून वर्षाला एकच क्लब वर जायचा. १९५८ मध्ये दोन्ही विभागांतले वरच्या अर्ध्यातले क्लब एकत्र करून देशव्यापी तिसरी श्रेणी केली आणि खालच्या अर्ध्यातले घेऊन चौथी. प्रवास सोपा झाल्यावर नकाशाची गरज आणखी खाली सरकली.

पण चौथ्या श्रेणीच्या खाली दार बंद होतं. अगदी कुलूपबंद नाही, पण किल्ली आतल्यांच्या हातात. चौथ्या श्रेणीतल्या तळाच्या चार क्लबना दर वर्षी पुन्हा निवडून येण्यासाठी अर्ज करावा लागायचा. बाहेरचे इच्छुक क्लबही अर्ज करायचे. मतदान करणार कोण? लीगमधलेच क्लब. आज मी तुला मत देतो, उद्या माझ्यावर वेळ आली तर तू मला दे. हार्टलपूलने अशा १४ निवडणुका लढवल्या आणि चौदाही जिंकल्या. १९५८ ते १९८६ या काळात मतदानाने बाहेर पडलेले क्लब फक्त पाच : गेट्सहेड, ब्रॅडफर्ड पार्क अॅव्हेन्यू, बॅरो, वर्किंग्टन आणि साउथपोर्ट.

या पाचांच्या कहाण्या वाचल्या की मतपेटीचा न्याय कळतो. १९६० मध्ये गेट्सहेड तळाला नव्हता, खालून तिसरा होता. तळाचे दोन वाचले, गेट्सहेड गेला. १९७२ मध्ये बॅरो गेला. इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातलं, समुद्रात घुसलेल्या भूभागावरचं हे शहर सगळ्यांनाच लांब पडायचं, आणि त्या लांबच्या फेऱ्यांचा कंटाळा मतांत उतरला असं तेव्हापासून मानलं जातं. त्याच्या जागी आला हेरफर्ड, ज्याने त्याच वर्षी फेब्रुवारीत एफए कपमध्ये चिखलाने भरलेल्या मैदानावर बलाढ्य न्यूकॅसलला २-१ हरवलं होतं. रॉनी रॅडफर्डने दुरून मारलेला तो बरोबरीचा गोल अजूनही दाखवला जातो. हेरफर्ड लायक होताच. पण एका गाजलेल्या दुपारची पुण्याई नसती तर तो निवडून आला असता का?

तोवर खालच्या संघांना आपलं सर्वोत्तम कोण हे सांगायलाही एक व्यासपीठ नव्हतं. उत्तरेची आणि दक्षिणेची लीग आपापले विजेते घेऊन उभ्या राहायच्या आणि मतं फुटायची. म्हणून १९७९ मध्ये दोन्हींतले आघाडीचे क्लब एकत्र येऊन अलायन्स प्रीमियर लीग निघाली, २० क्लबची. आजची नॅशनल लीग ती हीच. पहिल्याच वर्षी अल्ट्रिंगहॅम विजेता ठरला, मतदानाला उभा राहिला आणि रॉचडेलपुढे २६ विरुद्ध २५ असा हरला. एका मताने! पुढच्या वर्षीही तोच विजेता ठरला आणि पुन्हा बाहेरच राहिला.

शेवटी १९८७ मध्ये दार उघडलं. मैदान वगैरेच्या अटी पूर्ण करणारा या लीगचा विजेता आपोआप वर जाईल, चौथ्या श्रेणीतला तळाचा क्लब आपोआप खाली. कुणाच्या मताची गरज नाही.

९ मे १९८७ हा त्या पहिल्या हंगामाचा शेवटचा दिवस. बुडण्याच्या काठावर तीन क्लब : बर्नली, टॉर्की आणि लिंकन सिटी. बर्नली म्हणजे १८८८ च्या बारा संस्थापकांपैकी एक, दोनदा इंग्लंडचा विजेता, आणि त्या सकाळी गुणतक्त्यात सर्वांत खाली. पंधरा हजारांहून जास्त लोक मैदानावर आले आणि बर्नलीने ओरिएंटला २-१ हरवून जीव वाचवला. लिंकन स्वान्सीमध्ये २-० हरला. उरला टॉर्की. तो घरच्या मैदानावर क्रूविरुद्ध २-० मागे पडला होता. जिम मॅकनिकल या बचावपटूने एक गोल परत केला, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. सामना संपत आलेला असताना मॅकनिकल चेंडूमागे कडेच्या रेषेकडे धावत गेला. तिथे पोलिसांचा कुत्रा उभा होता, नाव ब्रिन. हा माणूस आपल्या मालकावरच चालून येतोय असं वाटून त्याने मॅकनिकलच्या मांडीचा चावा घेतला. उपचारात काही मिनिटं गेली. पंचांनी ती वेळ वाढवून दिली. आणि त्या वाढलेल्या वेळेत पॉल डॉब्सनने बरोबरीचा गोल केला. टॉर्की आणि लिंकनचे गुण सारखे झाले, गोलफरकावर टॉर्की तरला. आपोआप खाली जाणारा पहिला क्लब ठरला लिंकन सिटी.

लिंकनवर आभाळ कोसळलं असेल, यात शंका नाही. पण पुढे काय झालं पाहा. एका वर्षात लिंकनने खालची लीग जिंकली आणि १९८८ मध्ये तो परत वर आला. गेट्सहेड किंवा बॅरोला ही सोय नव्हती. मतदानाने बाहेर गेलेल्याला परतीचा रस्ता माहीत नसायचा. बॅरोला परत यायला २०२० उजाडलं, ४८ वर्षं. लिंकन ज्या दारातून बाहेर पडला, त्याच दारातून त्याला आत येता आलं. घसरण निश्चित असेल तर परतीची वाटही निश्चित असते. माझ्या मते या रचनेतली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

त्या दारातून आत येणारा पहिला क्लब होता स्कारबरो, यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या शहराचा. प्रशिक्षक होते नील वॉरनॉक. लीगमधला पहिलाच सामना घरच्या मैदानावर, समोर वुल्व्हज, म्हणजे पुन्हा १८८८ च्या बारांपैकीच एक. निकाल २-२. बारा वर्षांनी, ८ मे १९९९ ला, स्कारबरोचीच पाळी आली. त्यांचा सामना संपला होता, समर्थक निकालाची वाट पाहत होते. तिकडे कार्लाइलमध्ये भरपाई वेळही सरत आली असताना कार्लाइलचा गोलरक्षक जिमी ग्लास कॉर्नरसाठी सगळं मैदान ओलांडून पुढे आला आणि उडून आलेला चेंडू त्याने जाळ्यात मारला. कार्लाइल वाचला, स्कारबरो खाली गेला. पुढे कर्ज वाढत गेलं आणि २००७ मध्ये क्लब बंद पडला.

पिरॅमिड नसता तर गोष्ट इथे संपली असती. समर्थकांनी त्याच वर्षी स्कारबरो अॅथलेटिक नावाचा नवा क्लब काढला. तो दहाव्या पातळीवर सुरू झाला. स्वतःच्या शहरात मैदान नव्हतं, म्हणून दहा वर्षं घरचे सामने शेजारच्या ब्रिडलिंग्टनमध्ये. २००९ मध्ये बढती, २०१३ मध्ये बढती, २०१७ मध्ये स्कारबरोला परत, २०१८ मध्ये बढती, २०२२ मध्ये पुन्हा बढती आणि नॅशनल लीग उत्तर. चार पायऱ्या, पंधरा वर्षं. विंबल्डनच्या समर्थकांनी तर हे आणखी मोठ्या प्रमाणावर केलं. २००२ मध्ये त्यांचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी एएफसी विंबल्डन काढला, नवव्या पातळीपासून सुरुवात केली आणि २०१६ पर्यंत सहा बढत्या मिळवून तिसरी पातळी गाठली.

मात्र फक्त सामने जिंकून भागत नाही. प्रत्येक पायरीवर मैदानाची तपासणी असते : फ्लडलाइट, बसायच्या जागा, प्रवेशाचे फिरते दांडे, कपडे बदलायच्या खोल्या. १९९४ मध्ये किडरमिन्स्टर, १९९५ मध्ये मॅकल्सफील्ड आणि १९९६ मध्ये स्टीव्हनेज हे तिघे विजेते ठरले आणि मैदान अटींत बसत नाही म्हणून तिघांनाही वर जाता आलं नाही. अलीकडे हॅरोगेट आणि सटन यांनी २०२० आणि २०२१ मध्ये बढती मिळवली आणि त्यांना आपलं कृत्रिम हिरवळीचं मैदान उखडून खरं गवत लावावं लागलं, कारण लीग टूमध्ये कृत्रिम मैदान चालत नाही. एवढे कडक नियम असूनही ल्यूटन टाउनसारखा क्लब तग धरून राहतो. त्याच्या मैदानावर पाहुण्या प्रेक्षकांचा प्रवेश ओक रोडवरच्या चाळवजा घरांच्या रांगेतून होतो. दाराच्या चौकटीतून आत शिरायचं आणि जिना चढताना दोन्ही बाजूंना लोकांची परसदारं, वाळत घातलेले कपडे. २००९ मध्ये पाचव्या पातळीवर फेकला गेलेला हा क्लब २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोचला. पेली रडक मपान्झू हा खेळाडू त्या पूर्ण चढणीत क्लबबरोबर होता.

खालच्या मजल्यांची पुनर्बांधणी हा या गोष्टीचा सर्वांत ताजा भाग. २००४ मध्ये सहाव्या पातळीवर उत्तर-दक्षिण विभाग आले. सातव्या पातळीवर तोवर तीनच विभाग होते, म्हणजे जर्मनीसारखी विषम संख्या. २०१८ मध्ये चौथा आला. आठव्या पातळीवरचा आठवा आणि नवव्या पातळीवर सोळा पुरे करायला हवे असलेले दोन, हे २०२१ मध्ये. मधे करोना आला, लागोपाठ दोन हंगाम अर्धवट राहिले. मग वर कुणाला घ्यायचं? दोन्ही अपुऱ्या हंगामांतले प्रत्येक सामन्यामागचे सरासरी गुण काढले आणि त्यावरून क्लब निवडले. प्रवास कमी, शेजारच्या गावांशी लढती जास्त, प्रत्येक विजेत्याला सारखी वाट. एक, दोन, चार, आठ, सोळा.

कोपऱ्यात राहणाऱ्यांचा त्रास मात्र कुठलंच गणित पूर्ण मिटवू शकत नाही. २०२५ मध्ये कॉर्नवॉलच्या टोकाकडचा ट्रुरो सिटी नॅशनल लीगमध्ये पोचला. त्या परगण्यातला इतक्या वर आलेला तो पहिलाच क्लब. त्याआधी काही काळ मैदानाअभावी त्याला ग्लॉस्टरमध्ये घरचे सामने खेळावे लागले होते. तेव्हा त्याच लीगमध्ये होता ईशान्येचा गेट्सहेड, एका दिशेने सातशे किलोमीटरहून जास्त लांब. ट्रुरोने ही फेरी स्वतःच्या पायांनी कमावली आहे. दार आणखी रुंद करायची मागणीही झाली : लीग टूमधून नॅशनल लीगमध्ये दोन क्लब उतरत होते आणि दोन वर जात होते, ते तीन करा असं नॅशनल लीगच्या तिन्ही विभागांतल्या ७२ क्लबनी २०२५ मध्ये एकमुखाने मांडलं.

आपल्याकडे चढउताराचा हा प्रश्न गोव्याने अंगावर घेतला. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. इंडियन सुपर लीग वर, तिच्यात ना चढ ना उतार, आणि इतक्या वर्षांचे क्लब कायमचे खाली, हा आराखडा त्यांना मान्य नव्हता. डेम्पो तर पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला क्लब. पुढे २०२३ मध्ये पंजाब एफसीला आणि २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगला आय-लीग जिंकून वर जाता आलं. डेम्पोही खालच्या पायरीवरून चढून २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परतला. म्हणजे २०२४ पर्यंत वर जायची वाट उघडली होती, पण वरून खाली यायची नाही. इंग्लंडने १८९८ ते १९८७ ही ८९ वर्षं खर्चून शिकलेला धडा असा की एकाच बाजूने उघडणारं दार फार काळ उघडं राहत नाही. कुणी खाली येणार नसेल तर वर जागा होणार कुठून?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना पाहिलेल्या माणसाला पेठेच्या संघाची ताकद सांगावी लागत नाही. मडगाव-म्हापशात ती वेगळी नाही. ते प्रेम आहेच, मैदानं आहेत, संघ आहेत. नाही ती फक्त पेठेपासून शिखरापर्यंत जाणारी, दोन्ही दिशांनी चालणारी नियमांची सलग वाट. ती आखायला फार पैसा लागत नाही. नकाशा, पाढा आणि वरच्यांची खाली उतरायची तयारी लागते. पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे आहेत. तिसरी भारतीय फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी दाखवावी आणि तळाच्या क्लबची उतरण (रेलिगेशन) दर हंगामात पाळावी.